नऊ मिनिटांचं पत्र हरवल्याबाबत

चिरंजीव ढब्बूस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. (तू चाळिशीला टेकलास, ऑफिसात तुला लोक 'सर' म्हणतात, हे सगळं मला मान्य आहे. पण तीन वर्षांचा असताना ज्याला मी पिठाच्या डब्यातून ओढून बाहेर काढलं, त्याला माझ्या तोंडून दुसरी हाक निघत नाही.) तब्येत कशी आहे? मान दुखायची थांबली का? मी दिलेली उशी ऑफिसच्या खुर्चीला लावलीस, की ती अजून गाडीतच फिरते आहे? सूनबाईचा खोकला, छोटीचे हलणारे दात, तुझं ते सकाळी धावायला जाण्याचं खूळ, सगळ्याची खुशाली सविस्तर कळव. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे, डावा गुडघा सोडून. गुडघ्याचं काय ते गुडघा बघून घेईल.

हे पत्र मी मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या मेलवर पाठवते आहे. फोन केला की तू 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' याच वाक्याने सुरुवात करतोस, आणि माझी हकिगत तुझ्या कुठल्याही मीटिंगपेक्षा लांब आहे. शिवाय घरच्या संगणकावर पाठवलं तर ते तुझ्या बाबांच्या नजरेस पडायचं, आणि ते पडता कामा नये. आता मेल म्हटल्यावर तुम्ही लोक मायना गाळता, खुशाली गाळता, एकदम कामावर येता. मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून पोट भरलेली बाई आहे. मायना गाळला तर मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं.

तर विषय असा, की माझं एक पत्र हरवलं आहे. दीड पानाचं. ते मी दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, लिहिलं होतं. खुर्चीवरून घसरला असशील तर आधी नीट बस. होय, त्यालाच. तीन वर्षं ज्याच्याशी मी शब्द बोलले नाही, त्याला मी गेल्या शुक्रवारी सकाळी पत्र लिहिलं. येत्या गुरुवारी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हे मला तुझ्या आईने सांगितलं. (ती दर रविवारी मला चोरून फोन करते. हे तुला माहीत नसेल तर वाचल्याबरोबर विसरून जा.) एक डोळा त्याचा पहिल्यापासून नावापुरताच, आणि आता दुसऱ्याच्या पडद्याला भोक पडलंय. नजर राहील असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते, असं वहिनी म्हणाली. मला एवढंच वाटलं, की त्याला दिसतंय तोवर त्याने माझं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. दुसऱ्या कोणी वाचून दाखवलेलं नको. ते पत्र माझ्या संगणकात कुठेतरी गडप झालं आहे, ते मला परत हवं आहे, आणि आज मंगळवार आहे.

आता हे कसं झालं ते कळायला तुला माझी कामाची पद्धत कळायला हवी. नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखालची माझी जागा तू पाहिली आहेस. दोन टेबलं, एक माझं, एक लखोटेवालीचं (माझ्या अर्जांना पाकीट, तिकीट, शिक्का, सगळं तीच करते), आणि मधोमध एक पंखा, जो आमच्या दोघींपैकी एकीलाच वारा देतो. पण तू आलास की गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे खरं काम तू कधी पाहिलेलं नाहीस. माझ्याकडे येणारा माणूस अर्ज लिहायला येतच नाही, तो भांडायला येतो. ज्याच्याशी भांडायचं तो समोर नसतो, म्हणून बिचारा माझ्यासमोर भांडतो. सुरुवातीला मी त्यांना अडवायची. अहो, एवढं नका लिहू, कामाचं तेवढं सांगा. मग ते रुसायचे आणि अर्ज अर्धा टाकून निघून जायचे. पुढे संगणक आला आणि मला युक्ती सापडली. आता मी कोणाला अडवत नाही. बोला म्हणते, आणि शब्द न शब्द टाइप करते. त्यांनी 'नालायक' म्हटलं की मीही 'नालायक', त्यांनी 'बघून घेईन' म्हटलं की मीही 'बघून घेईन'. दीड-दोन पानांत कोणाचंही पोट रिकामं होतं (तीन पानांवर गेलेले फक्त सख्खे भाऊ असतात). मग मी पडदा त्यांच्याकडे वळवते आणि अनडूचा बाण दाबायला लागते. आधी सही जाते, मग धमकी जाते, मग धमकीचं कारण जातं, आणि शेवटी कोऱ्या पानावर 'मा. महोदय' एवढंच उरतं. माणूस टक लावून बघत असतो. एकदम सगळं पुसून टाकलं तर त्याला वाटतं, आपलं म्हणणं कोणीतरी झटकून टाकलं. पण अनडूने ते आलं तसं उलट्या पावलांनी परत जातं, आणि त्याचा जीव शांत होतो. डोक्यावर चालणाऱ्या नाचाच्या क्लासविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी तर मला, जरा सावकाश दाबा, अशी विनंती केली होती. त्यानंतर मी त्या 'मा. महोदय'खाली जो अर्ज लिहिते, तो इतका गोड असतो की कामं होतात.

हे सगळं मी सहा वर्षं एकाच फाईलमध्ये करत होते. फाईलचं नाव 'अर्ज'. ती सकाळी उघडायची, दिवसभर उघडी ठेवायची, आणि घरी जाताना भिंतीवरचं मोठं बटण खट्कन बंद करायचं. मागच्या खेपेला तू आलास, ती अकराशे पानांची फाईल पाहिलीस, कपाळावर हात मारलास आणि मला तासभर शिकवलंस. आत्या, दर कामाला वेगळी फाईल. आत्या, काम झालं की सेव्ह करून फाईल बंद. आत्या, भिंतीवरचं बटण म्हणजे संगणकाच्या मानेवर सुरी. मी कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून शहाण्यासारखी वागायला लागले. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते आहे, कारण पुढे जे घडलं त्याचा उगम तुझ्यापाशी आहे.

शुक्रवारी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. मी नवी फाईल उघडली, डोक्यावर सवयीने दादाचा पत्ता टाइप केला आणि लिहायला लागले. पत्र जणू बोटांत तयारच होतं. संपलं तेव्हा घड्याळ बघितलं, तर नऊ मिनिटं झाली होती. लिहितानाच घळाघळा रडत होते. लखोटेवाली पाणी घेऊन आली. आणि मग, ढब्बू, मला राग आला. आधी रडण्याचा, मग ज्याच्यामुळे रडतेय त्याचा. तीन वर्षं त्याने एक फोन केला नाही आणि पहिलं पत्र मी लिहू? मला काय कमीपणा नाही? तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्त्याखालचं आख्खं पत्र सिलेक्ट केलं आणि त्याच्या डोक्यावरच दुसरं टाइप करायला घेतलं. म्हणजे मी स्वतःचंच गिऱ्हाईक झाले. चार पानं लिहिली, बेचाळीस मिनिटं लागली. (सख्खी बहीण आहे, तीन पानांत कशी मावणार?) त्यात काय काय होतं ते विचारू नकोस. 'वजनमापं निरीक्षक म्हणून जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेस, स्वतःचा एकदा तरी तपासायचा होतास' हे एक वाक्य मात्र मला अजूनही बरं साधलंय असं वाटतं. चार पानांनंतर अंग हलकं झालं. आता बाण दाबत मागे जायचं, चार पानं आल्या वाटेने परत जातील, आणि खाली माझं दीड पान जसंच्या तसं बसलेलं असेल. सहा वर्षं मी हजारो लोकांना मागे नेऊन आणलं होतं, त्यामुळे मला कसलीच धास्ती नव्हती.

तेवढ्यात शिवणकामवाली आली. ती दादाच्याच गल्लीत राहते, तिला उलटं अक्षर सुलट वाचता येतं, आणि वाचलेलं तिच्या पोटात राहत नाही. माझी अशी काही फे फे उडाली की मी तू शिकवलंस तेच केलं. सेव्ह केलं, फाईल बंद केली, आणि हसून तिला बसायला सांगितलं. तिची तक्रार एका गिऱ्हाइकाने सहा महिन्यांत चार इंच वाढून ब्लाऊज बिघडवल्याचा आळ तिच्यावर घेतला याबद्दल होती, आणि ती पाऊण तास चालली. ती गेल्यावर मी माझी फाईल उघडली. चार पानं डौलात उभी होती. बाणाकडे गेले, तर बाण करडा. दाबला, हलला नाही. जोरात दाबला. मग कळांनी प्रयत्न केला, कंट्रोल आणि झेड, आधी एका हाताने आणि मग दोन्ही हातांनी. मा. महोदयपर्यंत जायचं दूरच, सहीतला कानासुद्धा जागचा हलला नाही.

लखोटेवाली म्हणाली, बंद करून चालू करा. (पंखा, प्रिंटर आणि नवरा या तिघांवर तिचा हाच एक इलाज आहे, आणि तिघांपैकी प्रिंटरला तो लागू पडतो.) दोनदा केलं, बाण तसाच. मग वरच्या मजल्यावर संगणकाचे क्लास घेणारे सर आहेत त्यांना बोलावलं. ते आले, त्यांनी खुर्ची ओढली आणि रोग्याच्या नातेवाइकांना समजावतात तसं मला समजावलं. अनडू ही यंत्राची नुसती आठवण असते, नोंद नसते. फाईल उघडी आहे तोवर ते प्रत्येक पाऊल लक्षात ठेवतं, बंद केली की सगळं विसरतं. म्हटलं, असं कसं विसरतं? मला दादाशी झालेल्या भांडणाचा शब्दन् शब्द गेली तीन वर्षं पाठ आहे आणि मी तर रोज रात्री डोळे बंद करते. सरांनी विचारलं, चांगलं पत्र लिहून झाल्यावर सेव्ह केलं होतं का? नव्हतं केलं. वाईट लिहून झाल्यावर? ते केलं होतं. सरांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

मग त्यांना एक आशा वाटली. म्हणाले, यंत्र दर दहा मिनिटांनी आपण होऊन एक प्रत बाजूला ठेवतं. फाईल नीट बंद केली की ती प्रत पुसून टाकतं, आणि नीट बंद न करता वीज तोडली तर ती प्रत तशीच पडून राहते. त्यांनी तो फोल्डर शोधून उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ढब्बू, आत दोनशे चौदा प्रती होत्या. सहा वर्षं मी रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण खट्कन बंद करत होते आणि यंत्र निमूटपणे साठवत होतं. ज्यांना मी त्यांच्या डोळ्यांदेखत सांगितलं होतं, बघा, गेलं सगळं, त्यांचं काहीही गेलेलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांची ती घुंगरांवरची दोन पानं होती. सासऱ्याच्या घोरण्याविरुद्ध नगरपालिकेला लिहिणारी ती सून होती. सरांच्याच क्लासच्या आवाजाविरुद्ध एक निनावी तक्रारही होती (सांगणारी माझ्या शेजारच्या टेबलावरच बसते), ती दिसल्याबरोबर मी पडदा फिरवला आणि सरांना चहा घेणार का विचारलं. त्या सगळ्या प्रती मी शनिवारी बसून एकेक करून पुसल्या. पुसण्याआधी वाचल्या नाहीत असं मी म्हणणार नाही.

फक्त दादाचं पत्र त्यात नव्हतं. एक तर त्या दिवशी मी फाईल नीट बंद केली होती, तुझ्या कृपेने. आणि तशी केली नसती तरी उपयोग नव्हता, कारण प्रत दहाव्या मिनिटाला निघते आणि मी नवव्या मिनिटाला ते पत्र उडवलं होतं. रागाची बेचाळीस मिनिटं झाली, म्हणजे त्याच्या चार प्रती निघाल्या असणार. मायेची एकही नाही. हे कळल्यावर मी लखोटेवालीला सांगून पाच मिनिटं जिन्यामागे जाऊन उभी राहिले. मला खूप वाईट वाटलं, ढब्बू, खोटं कशाला सांगू.

आठवून पुन्हा लिही, असं तू म्हणशील. शनिवार दुपारपासून तेच करते आहे. पण ते मनातलं पत्र एकदाच आलं, आणि आता बोटं ठेवली की तीस वर्षांची सवय आडवी येते. पहिल्या प्रयत्नाची सुरुवात तुला देते. 'विषय : बोलणे पूर्ववत सुरू करण्याबाबत. संदर्भ : आपले व माझे भांडण. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपली सख्खी धाकटी बहीण असून...' दुसऱ्यात मी 'दादा' लिहिलं, पण शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती' आलंच. पाचव्यात सगळं साधलं होतं, पण खाली हाताने आपोआप 'सोबत : वरीलप्रमाणे' टाइप केलं. असे अकरा झाले. लखोटेवालीने एक वाचला आणि म्हणाली की मंजूर व्हायला हरकत नाही.

गोषवारा तेवढा आठवतो, तो तुला सांगून ठेवते. आई माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती तेव्हा तू बाहेरगावी होतास. सकाळी तिला उचलून बसवायचं, आंघोळ, खाणं, दुकान, दुपारी धावत घरी, पुन्हा दुकान, रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. दोन वर्षं. एक दिवस मी दुकानातून घरी आले तर खाट रिकामी. दादा येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला होता. मला विचारलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही. चार महिन्यांनी त्याच्याच घरी ती वारली, आणि सगळ्या माणसांदेखत मी त्याला म्हटलं, तू तिला सामानासारखी उचलून नेलीस. इथपर्यंतची गोष्ट तू माझ्या तोंडून दहादा ऐकली आहेस. जे कधी ऐकलं नाहीस ते त्या दीड पानात होतं. ती रिकामी खाट बघून मला आधी हायसं वाटलं होतं, ढब्बू. मी पाय पसरून बसले, चहा प्याले, आणि आठ वाजता जी झोपले ती सकाळी सातलाच उठले. जागी झाले तेव्हा त्या झोपेची इतकी लाज वाटली की काय करावं कळेना, आणि मी ती लाज दादावर काढली. पुढे तीन वर्षं काढतच राहिले. पत्रात हे फार नीट उतरलं होतं. असं नव्हतं, याहून पुष्कळ चांगलं होतं.

तर तुला विचारायचं ते हे, की बंद करून उघडलेल्या फाईलचा अनडू जिवंत करायचा काही उपाय तुमच्या मोठ्या ऑफिसात असतो का? असला तर बुधवारी दुपारच्या आत कळव. नसला तर नाही म्हण, पण त्याबरोबर सेव्ह करण्याबद्दल व्याख्यान देऊ नकोस. माझी सहनशक्ती सध्या पातळ झाली आहे. मानेला जप, उशी गाडीतून काढ, आणि छोटीला माझे दोन पापे दे, एकेका गालावर एक.

तुझी,
दुकानातून, एका करड्या बाणासमोर बसलेली,
आत्या

ता. क. वरचं सगळं वाचून पाहिलं. अक्षर न अक्षर खरं आहे, फक्त हे पत्र कशासाठी लिहायला घेतलं ते त्यात आलेलं नाही. धीर होत नव्हता. आता सांगते. शुक्रवारी ती चार पानं लिहून झाल्यावर मी ती छापली. का छापली विचारशील, तर तीस वर्षांत एकही कागद मी नुसत्या पडद्यावर वाचून सोडलेला नाही, चुका कागदावरच दिसतात. दोन सापडल्या. त्या सुधारून पुन्हा छापली, आणि शेवटी जागा दिसली म्हणून सही केली. (हातच करतो, मला विचारत नाही.) तेवढ्यात शिवणकामवाली दारात दिसली, म्हणून कागद पालथे करून हाताजवळच्या ट्रेमध्ये टाकले. त्या ट्रेवर 'तयार' असं लिहिलेलं आहे. रोज चार वाजता लखोटेवाली 'तयार'मधले कागद उचलते, माथ्यावरचा पत्ता बघते, पाकिटात घालते आणि पेटीत टाकून येते. सहा वर्षांत तिच्या हातून एक कागद चुकलेला नाही, या वेळीही चुकला नाही. काल दुपारी ती मला मोठ्या कौतुकाने म्हणाली, 'भावाला पत्र लिहिलंत ते फार बरं केलंत हो ताई, चांगलं जाडजूड होतं!'

तेव्हा आता खरं काम ऐक. हे वाचल्याबरोबर ऊठ. मीटिंग असेल तर पोटात कळ आली म्हण (लहानपणी शाळा बुडवायला तुला ते छान जमायचं). घरी जा आणि जिन्यातली पत्रपेटी उघड. लांब पिवळं पाकीट आहे, पत्ता टाइप केलेला, कोपऱ्यात 'त्वरित' असा शिक्का. तो शिक्का लखोटेवाली सगळ्यांवर मारते. पाकीट शर्टात घाल आणि तुझ्या आईलासुद्धा दाखवू नकोस. पेटीत नसेल तर दादाच्या टेबलावर बघ, वर्तमानपत्राखाली, भिंगाजवळ. फुटलेलं असेल आणि तो पहिल्याच पानावर असेल तर बाकीची तीन पानं काढून घे, पहिलं त्यातल्या त्यात सौम्य आहे. तिसरं पान काही झालं तरी त्याच्या डोळ्यांपुढे येता कामा नये. माणसाची नजर जायची असेल तर जाईल, ते कोणाच्या हातात आहे? पण जाण्याआधी त्याने शेवटचं वाचलं ते माझं तिसरं पान, हे घेऊन मी उरलेला जन्म कसा काढू?

ता. क. दुसरा. घरी जाऊ नकोस. पाठवण्याचं बटण दाबणार तोच दुकानातला फोन वाजला आणि पलीकडे दादा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. पाकीट त्याला शनिवारीच मिळालं. भिंग लावून एका वेळी चार अक्षरं दिसतात, म्हणून रोज थोडं थोडं वाचत होता, आज सकाळी संपलं म्हणाला. माझी नुसती त त प प चालली होती. तो निरीक्षकाच्या आवाजात म्हणाला, 'पान तीन. मी आईला मंगळवारी नेलं असं लिहिलंयस. बुधवार होता.' मी म्हटलं, बरं, बुधवार. मग तो म्हणाला, 'बाकी सगळं बरोबर आहे.'

दोघांनीही फोन ठेवला नाही. लखोटेवालीने पंखा बंद केला, मला नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी त्यानेच विचारलं, की तीन वर्षांची फक्त चारच पानं झाली का, उरलेलं काही असेलच. म्हटलं, आहे, पण ते निराळं आहे आणि लिहायला जमत नाहीये. त्यावर म्हणाला, मग लिहू नकोस, ये. ऑपरेशननंतर त्याला आठ दिवस पालथं पडून राहायचंय, तोंड खाली, मान जराही वर करायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. 'तेव्हा बोल काय ते,' म्हणाला, 'मला वळून बघताही येणार नाही आणि उलट बोलताही येणार नाही.' तर तुझ्या आईला सांग, मी गुरुवारी सकाळीच येते आहे, आणि त्याच्या खाटेशी माझ्यासाठी एक खुर्ची ठेव. त्या झोपेची गोष्ट मला त्याच्या तोंडाकडे बघून कधीच सांगता आली नसती. पाठीकडे बघून येईल.